डावखुरी गाडी

आमच्या घरमालकांना जगातल्या बहुतेक सगळ्या गोष्टींची भीती वाटे, आणि ती ते लपवत नसत. विजेच्या मोटरपंपांचं दुकान चालवणारा हा माणूस घरातलं दिव्याचं बटण दाबताना पायात रबरी चप्पल आहे ना, हे आधी वाकून बघे. गॅस बंद केला की स्वतः वास घेई, मग बायकोला घ्यायला लावी, आणि मगच घराबाहेर पडे. रस्ता ओलांडायचा असला तर एखादी म्हैस ओलांडायला निघेपर्यंत थांबे आणि तिच्या आडून पलीकडे जाई. म्हशीला कोणी धडक देत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

"मी भेकड माणूस आहो, सर," खोलीची किल्ली देताना पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले. "ज्याले भेव हाये तोच घरी पोचते."

वर्ध्याला लागून असलेलं सगळं बोरगाव मेघे त्यांना काकाजी म्हणे, मीही म्हणू लागलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवायला लागलो आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आलो. लग्न होईपर्यंत राहीन म्हटलं होतं, पण लग्न होऊन बायको आली तरी खोली सुटली नाही. काकाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. डोळे मिटून ते घर आठवू लागलो की घर नंतर दिसतं, आधी दिसते ती कडुनिंबाखाली उभी असलेली गाडी.

फिकट पिवळी, लांबलचक, आणि कुठे म्हणून गोलाई नाही. गल्लीतली पोरं तिला 'कपाट' म्हणत. गाडी स्वीडनची होती. ज्या कंपनीची होती तिचं नाव काकाजी कधी तोंडाने घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसे ते नुसतं 'कंपनी' म्हणत. म्हणून मीही घेत नाही. जिला माणसाच्या जिवाची काळजी सगळ्यात जास्त, अशी म्हणून ती जगात ओळखली जाते, एवढं सांगितलं की पुरे.

काकाजी दिल्लीला गेले होते ते पंपांच्या एका एजन्सीसाठी. तिथे कुठल्याशा वकिलातीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या होत्या, आणि बरोबरच्या व्यापाऱ्यासोबत हे नुसते बघायला म्हणून गेले. रांगेतल्या या गाडीचं दार त्यांनी सहज उघडून लावलं. त्या आवाजाचं वर्णन ते पुढे आयुष्यभर करत आले. "धप्प. तिजोरीचं दार लागते तसं. म्या मनात म्हटलं, यात माणूस ठेवला तं चोरी जात नाई." एजन्सी राहिली दिल्लीतच. गाडी ड्रायव्हर करून वर्ध्याला आणली, आणि काकूंनी नारळ फोडून, ओवाळून, आपल्या नेहमीच्या डाव्या बाजूचं दार उघडलं तर तिथे चाक.

गाडी डाव्या हाताची होती. आता यातली अडचण नीट सांगितली पाहिजे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, म्हणून आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो. पुढे ट्रक असला तर जरा डोकावून त्याला समोरचं दिसतं. काकाजी बसत ते रस्त्याच्या कडेला, नालीच्या बाजूला. पुढे ट्रक असला की त्यांना ट्रकची पाठ दिसे आणि तिच्यावर लिहिलेल्या शायऱ्या. समोरून काही येतंय का, हे फक्त उजवीकडे बसलेल्या माणसालाच दिसे, आणि उजवीकडे बसत काकू.

काकूंनी जन्मात सायकलचं हँडलसुद्धा धरलेलं नव्हतं. पण दिवाळीच्या आत त्या गाडीचा डोळा होऊन गेल्या. त्यांचे शब्द ठरलेले. समोरून काही असलं तर "येऊन राह्यलं जी," आणि मोकळं असलं तर "जा जी." 'जा' ऐकलं की काकाजी कडू काढा घेताना करतो तसं तोंड करून गाडी बाहेर काढत, पुढे घालत, आणि विचारत, "झालं?" काकू म्हणत, "झालं." मग दोघंही श्वास सोडत. मागच्या काचेवर त्यांनी पेंटरकडून 'ही गाडी डावखुरी आहे' असं लिहून घेतलं होतं. काकूंना ताप असला किंवा त्या माहेरी नाचणगावला गेल्या असल्या की गाडी जागची हलत नसे. काकाजी दुकानात सायकलने जात, आणि घरी येऊन गाडीवरची निंबाची पानं वेचत बसत.

त्यांची भीती एकट्यापुरती नव्हती, ती ते सगळ्यांना उदार मनाने वाटत. पट्टा बांधल्याशिवाय त्या गाडीत कोणी बसायचं नाही, मागच्यांनीसुद्धा. ज्या काळात पट्टा ही विमानात बसणाऱ्यांची मिजास समजली जात असे, त्या काळात काकाजींनी गहू दळायला नेतानासुद्धा डब्याला पट्टा बांधलेला मी पाहिला आहे. शेजारच्या मुलाच्या लग्नात वरात या गाडीतून काढायची ठरली, तेव्हा शेवटच्या घटकेला नवरदेव आणि काकाजी यांच्यात जुंपली. शेला चुरगळतो म्हणून नवरदेव पट्टा बांधेना, आणि पट्ट्याशिवाय काकाजी किल्ली फिरवेनात. बँडवाले दोन गाणी वाजवून थांबले. शेवटी मुलाच्या आईनेच त्याला दटावलं. त्या लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या छातीवर आडवा काळा पट्टा अजून दिसतो. पुढे सरकारने पट्ट्याची सक्ती केली, तेव्हा आपल्यालाच विचारून केल्यासारखे काकाजी आठवडाभर बाजारातून फिरत होते.

संध्याकाळी लाइन गेली की दोघं निंबाखालच्या उभ्या गाडीत जाऊन बसत. कुठे जायचं नसे. चारी दारं उघडी टाकून, रेडिओ लावून, काकू भाजी निवडत आणि काकाजी मला हाक मारत. मी मागे जाऊन बसलो की कंपनीची पोथी सुरू होई. कंपनीची पहिली गाडी कारखान्यातून निघाली ती म्हणे पुढे जायची सोडून मागेच गेली. काहीतरी उलटं बसवलं गेलं होतं. ही गोष्ट ते भक्तिभावाने सांगत. मग पट्ट्याचा अध्याय. कंपनीतल्या एका इंजिनियराने हा असा तीन ठिकाणी धरणारा पट्टा काढला, छातीवरून आणि कमरेवरून. इथे थांबून ते माझ्याकडे वळत, आणि मग काय झालं, हे मी विचारल्याशिवाय पुढे जात नसत.

"मंग कंपनीनं साऱ्या जगाले सांगतलं, घ्या बावा, तुमीबी वापरा. अडवून नाई ठेवलं. सर, आमच्या बाजारात लोनच्याचा मसाला कोनी कोनाले सांगत नाई."

व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या त्या माणसाला याचं जे आश्चर्य वाटे ते कधी शिळं झालं नाही. अंधारात त्यांचा हात नकळत पट्ट्याच्या बकलावर फिरत असे.

स्वीडनबद्दल त्यांना माझ्याकडून सगळं हवं असे, कारण माझा विषय भूगोल. तिथे बर्फ किती पडतो, दिवस खरंच दुपारीच मावळतो का, इतक्या थंडीत कापूस होत नसेल तर लोक करतात काय. गाडी तिथल्या हवेसाठीच बनवलेली. किल्ली फिरवली की समोरचे दिवे आपोआप लागत आणि भर उन्हात लागलेलेच राहत, कारण तिकडे दिवसाही अंधारून येतं. आपल्याकडे दिवसा दिवा दिसला की समोरचा माणूस हाताची बोटं उघडमीट करून, अहो दिवा चालू आहे, असं सांगतो. वर्ध्याहून निघून हिंगणघाट येईपर्यंत एसटीचे ड्रायव्हर, सायकलवाले, शाळेची पोरं, सगळा मुलूख आम्हाला बोटं उघडमीट करून दाखवे. काकाजी एकेकाला नमस्कार करत. "कोन म्हनते लोकाले लोकाची काळजी नाई?" असं म्हणून खूश होत. शिवाय सीट गरम करायचं एक बटण होतं. ते एकदा मे महिन्यात चुकून दाबलं गेलं, आणि काकूंचे नाचणगावचे भाऊ पुलगावपासून वर्ध्यापर्यंत त्या सीटवर बसून आले. उतरल्यावर त्यांनी आपल्याला ताप भरल्याचं जाहीर केलं आणि कांबळं पांघरून झोपले. खरं काय ते काकाजींनी त्यांना कधीच सांगितलं नाही.

एकदा कॉलेजच्या लायब्ररीत मला एक माहिती सापडली, आणि ती मी जवळजवळ पळतच घरी आणली. स्वीडनमध्येही एके काळी लोक आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत, आणि तरी त्यांच्या बहुतेक गाड्यांचं चाक डावीकडेच असे. पुढे एका दिवसात सगळ्या देशाने बाजू बदलली, तोवर सगळे या गाडीसारखेच डावखुरे होते. काकाजींनी लगेच काकूंना आतून बोलावलं आणि मला पुन्हा सगळं सांगायला लावलं.

काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "म्हंजे तिथल्या बायाबी उजवीकडं बसून असंच सांगत असतीन?"

त्या दिवसापासून स्वीडनमध्ये एक काकू राहू लागल्या. बर्फाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, डोक्याला लोकरीचा रुमाल बांधलेल्या, नवऱ्याला 'येऊन राह्यलं जी' म्हणणाऱ्या. ते तिकडच्या भाषेत कसं म्हणत असतील, यावर निंबाखालच्या गाडीत आमच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. मला पुढे खरोखरच्या स्वीडनचे फोटो पाहायला मिळाले, पण त्या बाई दिसल्याशिवाय तो देश मला पुरता वाटला नाही.

काकूंची थोरली बहीण समुद्रपूरला राही. तिच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी फेरी होई, आणि काकाजी मला आग्रहाने बरोबर घेत. बसायची जागाही ठरलेली: मागे, उजवीकडे, बरोबर काकूंच्या पाठीमागे. मी कधी दुसरीकडे बसलो तर तोल जातो म्हणून ते मला सरकायला लावत. निघण्याआधी ते वरचा आरसा इकडेतिकडे करत, आणि तो लावून झाला की त्यात मला त्यांचे डोळे दिसत. मागचा रस्ता त्यांना दिसत नसणार, असं मला वाटे. पण भित्र्या माणसाच्या तऱ्हा म्हणून मी सोडून दिलं.

सुरुवातीच्या वर्षांत आम्ही सगळ्यांच्या पुढे जात असू. मग हळूहळू 'येऊन राह्यलं' वाढलं आणि 'जा जी' कमी होत गेलं. काकू भर उन्हातही आपली काच खाली ठेवू लागल्या. गाडीतली थंड हवा सगळी शेतात जाई, काकाजी ती तशीच जाऊ देत. एका हिवाळ्यात हिंगणघाटच्या अलीकडे आम्ही कापसाच्या बैलगाडीमागे लागलो. काकू म्हणाल्या, "येऊन राह्यलं." आम्ही थांबून थांबून चाललो. गाडीतला कापूस वाऱ्याने सुटत होता, बाभळींना लागत होता, आमच्या काचेवर येऊन बसत होता. काकाजींनी वायपर सुरू केला. त्या गाडीला समोरच्या दिव्यांनाही इवलेसे वायपर होते, तेही फिरू लागले.

"सर, बर्फ असंच पडत असन काय?" त्यांनी विचारलं.

मी काकूंच्या खांद्यावरून पुढे पाहिलं. समोरून काही येत नव्हतं. दूर वळणापर्यंत सगळा डांबरी रस्ता उन्हात मोकळा पडला होता. "येऊन राह्यलं जी," काकू पुन्हा म्हणाल्या. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आरशातले काकाजींचे डोळे माझ्यावर आले, आणि त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नाही म्हणून. मी तोंड मिटलं. बैलगाडी कच्च्या रस्त्याला वळेपर्यंत आम्ही तिच्या मागून चालत राहिलो, पांढरा कापूस अंगावर घेत. मला आजही वाटतं की इतका सुंदर प्रवास मी पुन्हा केला नाही.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या चाकात हवा भरायच्या निमित्ताने काकाजींनी मला फाटकाबाहेर नेलं. "तिले दिसत नाई, सर. मोतीबिंदू हाये. मले माईत हाये. पन मले माईत हाये हे तिले माईत नाई पडलं पाह्यजे."

मी चिडलोच. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता सोपं झालं आहे, घेऊन का जात नाही, असं बरंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. काकूंच्या वडिलांचा डोळा फार पूर्वी ऑपरेशनमध्येच गेला होता. डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय निघाला की काकू उठून आत जात. दिसत नाही असं म्हटलं तर एकतर ऑपरेशन, नाहीतर त्या सीटवरून उठायचं.

"दुकानात, घरात, साऱ्यायनं आजवर मलेच विचारलं," काकाजी म्हणाले. "या गाडीत मी तिले विचारतो. ते थांबा म्हनते तं थांबतो. ते सीट तिच्याकडून कशी काढू?"

आणि काकूंनी एखादे दिवशी 'जा' म्हटलं तर, मी विचारलं. ती म्हणत नाही, ते म्हणाले. म्हटलंच तर?

"तुमी बसा न मांगं."

मला वाटलं, विषय टाळला.

पुढची दोनेक वर्षं ती ताकदवान परदेशी गाडी वर्धा जिल्ह्यात सगळ्यांच्या मागून चालत राहिली. ट्रॅक्टरमागून, बैलगाड्यांमागून, एकदा तर शेळ्यांच्या कळपामागून. बाजारात थट्टा होई. पानठेल्यावर लोक म्हणत, काकाजींनी घोडा घेतला आणि गाढवामागे बांधला. काकाजी हसून पान लावायला सांगत. "घाई कोनाले हाये?" म्हणत. त्या भित्र्या माणसाला लोकांच्या हसण्याची मात्र भीती वाटत नव्हती.

मग समुद्रपूरहून फोन आला. थोरल्या बहिणीचं काही खरं नव्हतं, बोलणं बंद झालं होतं. काकूंनी हातातली परात तशीच ठेवली. मी शर्ट बदलून खाली आलो तेव्हा गाडी सुरू होती, आणि माझ्या जागेचं दार उघडं होतं.

हिंगणघाट ओलांडल्यावर आम्ही एका ट्रकमागे अडकलो. कापसाने तो असा फुगला होता की अर्धा रस्ता त्यानेच खाल्ला होता, आणि तो चढावर कण्हत चालला होता. काकूंनी डोकं काचेबाहेर काढलं. त्या बघत नव्हत्या. मान तिरकी करून त्या ऐकत होत्या, आणि तेव्हा मला कळलं की इतके दिवस ती काच कशासाठी उघडी होती. समोरून येणाऱ्या गाडीचा आवाज त्या ऐकत. खात्री नसली की थांबा म्हणत. आज बहिणीसाठी त्यांचा जीव तुटत होता. पुढून इंजिनाचा आवाज येत नव्हता.

"जा जी," काकू म्हणाल्या.

समोरून बैलगाडी येत होती. कापूस खाली करून रिकामी परतलेली. गाडीवान आडवा होऊन झोपला होता आणि बैल आपल्या मनाने, डांबराच्या मधूनच, घरी निघाले होते. त्यांचा आवाज ट्रकच्या आवाजात बुडाला होता. ओरडायला वेळ नव्हता. मी आरशात पाहिलं. काकाजींचे डोळे तिथेच होते. ते ट्रककडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

माझ्या चेहऱ्यावर जे असेल ते त्यांनी वाचलं. गाडी रेषभरही बाहेर निघाली नाही. दुसऱ्याच क्षणी बैलगाडी काकूंच्या खिडकीला लागून गेली, बैलाच्या गळ्यातली घाटी अगदी त्यांच्या कानाशी वाजली, आणि त्यांनी डोकं झटकन आत घेतलं. मग काकाजी मोठ्याने म्हणाले, "हा गेअर काऊन अडकला बाप्पा."

त्या गाडीला गेअर टाकावे लागतच नव्हते, ती आपले आपण बदलत असे. मला हे माहीत होतं. काकूंना माहीत होतं की नाही, ते त्या वेळी कळलं नाही. त्यांनी काच वर केली, आणि समुद्रपूर येईपर्यंत ना 'येऊन राह्यलं' म्हटलं, ना 'जा'. मला तिथेच, काकूंच्या पाठीमागे, इतकी वर्षं का बसवलं आणि तो आरसा माझ्याकडे का, हे आता समजलं होतं. मला राग यायला हवा होता. मला फक्त तो माणूस फार आवडला. बहिणीचं म्हणाल, तर आम्ही पोहोचलो तेव्हा ती उठून बसली होती आणि इतका उशीर कसा केला म्हणून आम्हालाच रागावली.

त्या आठवड्यात काकू वाटीत सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, घेऊन जिना चढून वर आल्या. वाटी ठेवली, माझी बायको बाहेर गेल्याची खात्री केली आणि म्हणाल्या, "सर, मले डोये दाखवाचे हाये. त्याहिले सांगजा नोको."

मी म्हटलं, काकाजींना सांगितलं तर उलट बरंच वाटेल.

"नोको. म्या त्याहिचा जीव येवढे दिवस अशा कानावर चालवला, हे त्याहिले कळलं तं?" त्यांनी टेबलावरची वाटी उगाच सरकवली. "बैल माह्या कानाजवळून गेला, सर. आन् म्या 'जा' म्हटलं होतं."

अशी त्या घरातली दोन गुपितं माझ्याकडे सुखरूप ठेवायला आली, आणि दोन्ही एकच होती. ठरलं असं की काकू नाचणगावला भावाकडे सप्ताहासाठी म्हणून जातील आणि भाऊ त्यांना दवाखान्यात नेईल. सप्ताह इतका लांबतो कसा, हे काकाजींनी विचारलं नाही. स्वेटर ने, एवढंच म्हणाले. भावाने दवाखान्याचं नाव मला कळवलं, आणि मी ते काकाजींना त्याच संध्याकाळी सांगितलं. कसली तरी किल्ली हरवल्यासारखे ते निंबाखाली फेऱ्या मारत होते, ते मला बघवेना.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं एसटीने गेलो. काकू खाटेवर डोळ्यावर पट्टी बांधून पडल्या होत्या. दुसऱ्या डोळ्याला तसंही फारसं दिसत नव्हतं. दाराशी काकाजी थांबले. वाकून त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या. बटण दाबतानाही रबरी चप्पल शोधणारा तो माणूस, दवाखान्याच्या ओल्या फरशीवरून, विजेच्या वायरी लोंबत होत्या त्या भिंतीच्या कडेने, अनवाणी चालत गेला आणि पायथ्याच्या स्टुलावर बसला. दुपारभर बसला. एक शब्द बोलला नाही. मधे एकदाच त्यांना खोकला आला, तो त्यांनी उपरण्यात दाबला. जाताना काकूंच्या पांघरुणाचं टोक खाटेवरून लोंबत होतं, ते त्यांनी आत खोचलं.

दोन्ही डोळे व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला. जाड भिंगांचा चष्मा लावून काकू परत आल्या. मला जिन्यात एकटं गाठून त्या हळूच म्हणाल्या, "चपला हातात घेतल्या होत्या न त्याहिनं? पन खोकला कुठं ठेवतीन?" आणि लगेच, "त्याहिले सांगजा नोको."

मी आजवर सांगितलं नाही.

पहिल्या रविवारी आम्ही समुद्रपूरला निघालो. मी सवयीने उजवीकडे, काकूंच्या मागे बसलो. काकाजींनी किल्ली फिरवली, दिवे लागले, आणि मग त्यांनी हात वर नेऊन आरसा सरळ केला. मला त्यात त्यांचे डोळे दिसेनासे झाले. कपास केव्हाच निघाली होती, शेतं उघडी पडली होती, आणि समोरून येणारा एक सायकलवाला आम्हाला बोटं उघडमीट करून दाखवत होता. काकाजींनी त्याला नमस्कार केला.

हिंगणघाटच्या अलीकडे ट्रॅक्टर लागला. काकू पुढे झुकल्या. चष्मा नीट केला. बराच वेळ बघत राहिल्या, इतका की मलाच कळेना, आता काय म्हणतात.

"जा जी."

काकाजींनी तोंड कडू केलं आणि गाडी बाहेर काढली. "झालं?" "झालं." मग एक बैलगाडी, मग एक एसटी. "जा जी." "झालं?" "झालं." त्यानंतर पुढे कोणीच नव्हतं. चढ चढून गाडी माथ्यावर आली आणि खालचा रस्ता पार जाम गाव दिसेपर्यंत लांबच लांब, सरळ, रिकामा पसरलेला दिसला. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांची काच वर होती, आत गार होतं, इंजिनाचा आवाजही येत नव्हता.

"काऊन जी," त्या म्हणाल्या, "आंधीबी हा रस्ता असाच रिकामा राहे काय?"

काकाजींनी समोर बघतच उत्तर दिलं.

"नाई वं. तवा भल्ली गर्दी राहे."